एकाच निळ्या टोपणाचे शेजारी
प्रकल्प नोंदी, सोलापूर, २०२५

६ जानेवारी

चित्रकलेच्या वर्गाबाहेरची व्हरांड्यातली लांब भिंत मिळाली. मुख्याध्यापकांनी आज होकार दिला. आठ बाय चारचे दोन प्लायवूड आडवे जोडले की सोळा फूट लांब आणि चार फूट उंच फलक होईल. काम आठवी आणि नववीची मुलं करतील, मधल्या सुट्टीत आणि शनिवारी.

नियम एकच ठेवला आहे. रंग विकत आणायचा नाही आणि कशावर लावायचाही नाही. टाकून दिलेली वस्तू ज्या रंगाची आहे त्याच रंगाने फलकावर येईल. हिरवं हवं असेल तर हिरवं शोधायचं, पांढऱ्या टोपणाला ऑइलपेंट मारायचा नाही.

शाळांमध्ये 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून जे बनतं त्यात बहुतेक वेळा वस्तू सोनेरी रंगाखाली गडप होते. बाटलीची फुलदाणी होते आणि बाटलीचा स्वतःचा रंग कुणी पाहिलेलाच नसतो. मला नेमकं उलटं करायचं आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत मुलं रंगचक्र पाठ करतात, विरोधी रंगसंगती म्हटलं की लाल-हिरवा असं उत्तर तयार असतं. पण रंग म्हणजे पोस्टर कलरच्या बारा बाटल्या, हीच समजूत कायम राहते. बाटलीतला रंग पातळ करता येतो, त्यात पांढरा मिसळता येतो, नाही जमला तर पुसून पुन्हा लावता येतो. सापडलेल्या टोपणाचं तसं नाही. त्याला उजळ करता येत नाही, मंदही करता येत नाही. बदलता येतो फक्त त्याचा शेजार. मुलांनी या शेजाराकडे बघायला शिकावं, एवढ्यासाठी हा सगळा घाट घातला आहे.

१८ जानेवारी

अक्षता सोहळा झाला, होमप्रदीपन झालं, शोभेचं दारूकामही झालं. सिद्धेश्वराच्या यात्रेची मोठी गर्दी ओसरली, पण होम मैदानावर गड्ड्यातले, म्हणजे यात्रेच्या जत्रेतले, पाळणे आणि दुकानं अजून उभी आहेत. सकाळी झाडलोट व्हायच्या आधी मुलांना घेऊन गेले. सगळ्यांच्या हातात मोजे, पायात बूट. झाडणाऱ्या मावशींना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाटल्यांना हात लावू नका, त्या आमच्या. बाकीचं काय हवं ते न्या." हे मला रास्त वाटलं. ज्या वस्तूला भंगारात भाव आहे ती वेचणाऱ्यांचीच, असं मुलांनाही सांगितलं.

पिपाण्यांची तोंडं मिळाली, भिरभिऱ्यांची पाती, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, केसांच्या क्लिपा, फुग्यांच्या काड्या, आइस्क्रीमचे चमचे. यात्रेतल्या प्लॅस्टिकचा रंग ओळखू येतो. राणी, पोपटी, झगझगीत नारिंगी. या रंगांमधला बराचसा भाग फ्लोरोसंट असतो. त्यातली द्रव्यं डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि तीच ऊर्जा दिसणाऱ्या उजेडाच्या रूपात परत टाकतात. म्हणून अशी पिपाणी उन्हात तिच्या आजूबाजूच्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उजळ दिसते. यात्रेच्या गर्दीत दहा दुकानांपलीकडून मूल ओढलं जावं, हेच त्या रंगाचं काम असतं आणि ते तो चोख बजावतो.

काचेच्या बांगड्यांचे तुकडे मी एकटीने उचलले. मुलांना काचेला हात लावू द्यायचा नाही, हे शेवटपर्यंत पाळायचं आहे.

२५ जानेवारी

वर्गवारीचा दिवस. मुलांनी घरून आठवडाभर जमवून आणलेली टोपणं, झाकणं, टूथपेस्टच्या नळ्यांची बुचं, शॅम्पूच्या बाटल्यांचे तुकडे, पेनांची टोपणं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं बादल्यांत धुऊन व्हरांड्यात पसरलं. धुतानाच एक गोष्ट दाखवून घेतली. पाण्याच्या बाटलीचा तुकडा बुडतो आणि त्याच बाटलीचं टोपण तरंगतं. बाटली पीईटी या प्लॅस्टिकची, घनता १.३८ च्या आसपास. टोपण एचडीपीई (पॉलिथिलीन) किंवा पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन), पाण्याहून हलकं. आठवीच्या मुलांना घनतेची व्याख्या येत होती. आता बादलीत ती दिसली.

वर्गवारीसाठी कागदी ट्रे मांडले आणि त्यांना नावं मुलांनीच दिली. रंगचक्रातले सहा रंग पहिल्या दहा मिनिटांतच अपुरे पडले. मग साडीच्या दुकानातली नावं आली. मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, अबोली, चिंतामणी, शेवाळी, विटकरी, गाजरी, बदामी. नववीतल्या एका मुलीची आई चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात आहे. तिच्यापुढे कुणाचं काही चालेना. रामा कुठे संपतो आणि चिंतामणी कुठे सुरू होतो, हे ती हातात टोपण घेऊन क्षणात सांगायची.

पुढे दोघींचा वाद झाला. एका मलमाच्या बुचाला एक निळं म्हणत होती, दुसरी हिरवं. पहिली ट्यूबलाइटखाली बसली होती, दुसरी खिडकीपाशी. जागा बदलून पाहिल्यावर दोघीही बरोबर निघाल्या. एका उजेडात जुळणारे दोन तुकडे दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण तोच निळा दिसण्यासाठी दोन कारखाने दोन वेगळी रंगद्रव्यं वापरत असतात. तेव्हापासून ठरवलं की निवड फक्त दिवसा, उत्तरेच्या खिडकीपाशी करायची. तिथे ऊन थेट येत नाही आणि उजेड दिवसभर त्यातल्या त्यात सारखा राहतो.

संध्याकाळी ट्रे एका रांगेत लावले. निळ्याचा ट्रे ओसंडून वाहतोय, आणि त्यातही पाण्याच्या बाटलीचं तेच एक निळं. पांढरा भरपूर, लाल भरपूर, पिवळा बरा. जांभळ्याच्या ट्रेमध्ये मूठभरही नाही. तपकिरी जवळजवळ नाही. राखाडी तर शून्य. घरातल्या कचऱ्याचे रंग बाजाराने ठरवलेले असतात. पाणी म्हणजे निळं, खाऊ म्हणजे लाल-पिवळा. राखाडी पाकिटात बिस्किटं कोण विकेल?

मनात होतं की सगळे तुकडे इंद्रधनुष्याच्या क्रमाने लावावेत. टोनी क्रॅग या ब्रिटिश शिल्पकाराने १९७८ मध्ये हेच केलं होतं. जर्मनीतल्या वुपरटाल इथे सापडलेले प्लॅस्टिकचे तुकडे त्याने जमिनीवर लालपासून जांभळ्यापर्यंत क्रमाने मांडले. त्याचा फोटो मुलांना दाखवला तेव्हा वर्ग खरोखर गप्प झाला होता. पण तोच क्रम आपण पुन्हा लावून आपल्या गावाबद्दल काय कळणार? आणि आपल्याकडे ढिगाने आहे ते एकच निळं टोपण. फलक त्याच्याभोवती रचायचा, असं आज मनाशी पक्कं होत चाललं आहे.

३ फेब्रुवारी

राखाडी सापडला. पोतंभर.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत. आपल्या शाळेचा गणवेश जिथून येतो तिथे कटिंग मास्टरना भेटले. थर लावून एकदम कापड कापलं जातं, आणि थरांच्या कडेचं कातरण रोज पोत्यांनी निघतं. राखाडी तीन-चार छटांचा, नेव्ही ब्ल्यू, खाकी, मरून, बाटली हिरवा. मास्तर म्हणाले, "बाई, यातला एकही रंग पोरांना आवडत नाही, पण आमची रोजीरोटी यावरच आहे."

वर्गात पोतं उघडल्यावर मुलांचे चेहरे पडले. "हा काय रंग आहे का?" असं एकाने विचारलंच. मी वाद घातला नाही. टेबलावर राखाडी कापडाचा एक चौकोन ठेवला, शेजारी लाल वेष्टनाचा तेवढाच चौकोन. प्रत्येकावर मधोमध तेच निळं टोपण. मुलांना एकेक करून यायला सांगितलं आणि कुणी कुणाला काही बोलायचं नाही, असं बजावलं. नंतर कागदावर लिहून घेतलं. बहुतेकांनी लिहिलं की राखाडीवरचं टोपण जास्त निळं आहे. दोघांनी लिहिलं की दोन टोपणं वेगवेगळ्या कंपनीची आहेत. मग टोपणांची अदलाबदल करून दाखवली.

यानंतर राखाडीच्या छोट्या चकत्या कापून त्या लाल, हिरव्या आणि निळ्या मोठ्या कापडांवर ठेवल्या. लालवरची चकती जराशी हिरवट दिसायला लागते. हिरव्यावरची किंचित लालसर. कापड तेच, कातरी तीच. लाल रंगाकडे बघताना डोळा आजूबाजूच्या जागेत त्याचा विरोधी रंग मिसळतो, आणि राखाडीकडे स्वतःचा ठाम रंग नसल्यामुळे तो हे मिसळणं उघडं पाडतो. झगझगीत वस्तूवर हे सहज कळत नाही.

मिशेल यूजीन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट इथेच सांगायला हवी होती. १८२४ मध्ये तो पॅरिसमधल्या गोब्लाँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. काळा रंग फिका पडतो, त्यात दम नाही, अशी तक्रार होती. त्याने काळी लोकर तपासली. रंगात काही खोट नव्हती. तो काळा धागा ज्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, त्यांच्यामुळे तो निस्तेज दिसत होता. या शोधावर त्याने पुढे वर्षानुवर्षं काम केलं आणि १८३९ मध्ये ते छापलं. रंगाचा हा नियम विणकराच्या तक्रारीतून निघाला, हे कळल्यावर शहराच्या पूर्व भागातल्या मुलांनी मान वर केली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी माग चालतो.

ठरलं. फलकाची जमीन राखाडी.

११ फेब्रुवारी

आज पूर्व भागातल्याच एका मुलाच्या घरी गेलो. खाली यंत्रमाग, वर घर. त्याचे आजोबा मुलाशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत होते. जेकार्डची चादर मागावर होती. सोलापुरी चादर उलटी करून पाहिली की तेच नक्षीकाम रंग पालटून दिसतं. इकडे पिवळ्या जमिनीवर लाल मोर, तिकडे लाल जमिनीवर पिवळा. मुलांनी या चादरी जन्मापासून अंगावर घेतल्या आहेत, पण त्या दोन्ही बाजू शेजारी ठेवून आज पहिल्यांदा पाहिल्या. एकीला लाल जमिनीवरचा पिवळा मोर मोठा वाटला. मापला तर सारखाच. उजळ आकार गडद जमिनीवर मोठा भासतो.

आजोबांनी एक गोष्ट सांगितली ती जशीच्या तशी लिहून ठेवते. "गिऱ्हाईक म्हणतं नवा रंग दाखवा. आम्ही सगळी चादर बदलत नाही. एक धागा बदलतो. पांढऱ्याच्या जागी काळा घातला की लाल पण नवा, हिरवा पण नवा." म्युनिकच्या विल्हेल्म फॉन बेझोल्ड या हवामानशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नेमकं हेच टिपलं होतं, तेही गालिच्यांच्या नक्षीवरून. बारीक पांढरी रेघ आजूबाजूच्या रंगांना उजळ करते, काळी रेघ त्यांना गडद करते, आणि एक रंग बदलल्याने सगळा गालिचाच बदलल्यासारखा वाटतो. आजही त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. सोलापूरच्या मागांवर तो रोजच्या धंद्याचा भाग आहे.

टॉवेल-चादरीचं सुताचं वेस्टेज थैलीभर मिळालं. एरवी ते गॅरेजमध्ये हात पुसायला जातं.

२० फेब्रुवारी

तपकिरीचा प्रश्न विड्यांनी सोडवला. पत्र्याचा फर्मा तेंदूच्या पानावर ठेवून कात्रीने चौकोन कापला की कडेचं पान उरतं. नववीतल्या एका मुलीच्या आईने, अक्कांनी, त्याची पिशवी भरून पाठवली. ओलसर शेवाळीपासून कॉफीपर्यंत इतक्या छटा एका पिशवीत आहेत की मुलीने त्या घरीच आठ पुड्यांत वेगळ्या करून आणल्या. पान हातात चुरगळतं, म्हणून पारदर्शक बाटल्यांचे तळ कापून त्यात दाबून भरायचं ठरलं. अक्कांना फलक बघायला बोलवायचं आहे.

५ मार्च

मुलांना एक खेळ लागला आहे. बिस्किटाच्या, साबणाच्या, टूथपेस्टच्या खोक्यांची आतली घडी उलगडायची आणि रंगीत ठिपक्यांची रांग शोधायची. छपाईवाले तिथे प्रत्येक शाईचा एकेक ठिपका ठेवतात, म्हणजे छापताना शाई कमी-जास्त होतेय का ते तपासता येतं. सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा, काळा हे चार तर असतातच. एखाद्या खोक्यावर पाचवा-सहावा ठिपकाही असतो. तो त्या कंपनीचा खास रंग, वेगळी शाई घालून छापलेला. लाल साबणाच्या खोक्यावरचा लाल चार शाया मिसळून आलेला नाही, तो आयताच लाल आहे, हे मुलांनी घडीत शोधून काढलं. भिंगातून पाहिलं की मिसळलेला रंग ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो आणि खास रंग सपाट.

टूथपेस्टच्या नळीच्या टोकाशी असलेली रंगीत पट्टीही त्यांनी आणली. हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे रसायनं, असं त्यांनी फोनवर वाचलं होतं. ती खूण नळी कापून बंद करणाऱ्या यंत्राच्या सेन्सरसाठी असते. पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा कुठलाही रंग चालतो. तिथेही शेजारच महत्त्वाचा.

वायरमनकडून वायरचे तुकडे मिळाले. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. वेष्टन फलकासाठी सोलून ठेवलं, आतली तांब्याची तार गुंडाळून ठेवली.

२० मार्च

काल रंगपंचमी झाली. रस्त्यावर रंगाच्या पुड्यांची रिकामी पाकिटं पडली होती, पण ती घेतली नाहीत. आतली भुकटी श्वासात जाते आणि धुतलं तरी पूर्ण निघत नाही. एकच नोंद करते. पाकिटावर छापलेला गुलाबी आणि आत असलेला गुलाबी कधीच जुळत नाही, कारण चार शायांत फ्लोरोसंट गुलाबी छापताच येत नाही.

२ एप्रिल

परीक्षांमुळे मुलं आता येणार नाहीत. तोवर एक चाचणी लावली. व्हरांड्यात दुपारनंतर तिरकं ऊन येतं, त्यामुळे कुठला रंग टिकणार हे आधी कळायला हवं. गच्चीवर पत्र्याच्या पट्टीवर प्रत्येक प्रकारचा एकेक तुकडा बसवला आणि त्याचा अर्धा भाग अॅल्युमिनियम फॉइलने झाकला. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर असतो. रंगांची परीक्षा घ्यायला याहून कडक ऊन कुठे मिळणार?

पट्टीवर निळं टोपण, लाल टोपण, यात्रेतली राणी रंगाची पिपाणी, पोपटी भिरभिऱ्याचं पातं, हिरवी बांगडी, राखाडी कातरण, लाल सूत, तेंदूचं पान, साबणाच्या खोक्याचा तुकडा, वायरचं पिवळं वेष्टन.

कासारांकडे बांगड्यांसाठी गेले होते. लग्नसराईत हिरवा चुडा भरताना वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे ते डब्यात टाकतात. डबाभर हिरवा, तोही एका छटेचा नाही. गडद, पोपटाच्या जवळचा, पाण्यासारखा पातळ. काच उजेडाला आरपार जाऊ देते, त्यामुळे पांढऱ्या जमिनीवर तीच बांगडी उजळते आणि राखाडीवर खोल होते. यावर अजून विचार करायचा आहे.

२९ एप्रिल

जोडकामाची पद्धत ठरली. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनला डिंक धरतच नाही, फेव्हिकॉल वाळला की पापुद्र्यासारखा निघतो. ग्लूगनची कांडी सोलापूरच्या उन्हाळ्यात मऊ पडते. म्हणून टोपणं आतून बारीक स्क्रू आणि वॉशर घालून प्लायला पिळली. यामुळे ती काढून दुसरीकडे लावताही येतात, आणि या फलकाला तेच हवं आहे. राखाडी कापड पट्ट्यांनी ताणून मागे स्टेपल केलं.

वेष्टनांचे आणि खोक्यांचे तुकडे वायरमधल्या तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवले. घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई नायजेरियातल्या न्सुका इथे अनेक वर्षं राहून दारूच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची बुचं अशीच तांब्याच्या तारेने जोडत आले. त्यातून भिंतभर लोंबणारी, कापडासारख्या घड्या पडणारी कामं होतात. आपल्या तुकड्यांना तेवढी झोकदार घडी पडत नाही, पण एका कोपऱ्यात ते जरा पुढे आले आहेत आणि त्यांच्या सावलीत लाल आणखी गडद झाला आहे. तो कोपरा मला फार आवडला आहे.

बांगड्यांसाठी पांढरं सिमेंट वापरलं, कडा आत दाबल्या आणि वरून बोट फिरवून तपासलं. अर्ध्या भागात सिमेंटमध्ये भट्टीतली चाळलेली राख मिसळली. राखही टाकाऊच, नियम मोडला नाही. एकाच डब्यातला हिरवा, पण पांढऱ्या फटींमध्ये कोवळा दिसतो आणि राखी फटींमध्ये जुना, जड. बेझोल्डचा परिणाम इथे इतका स्पष्ट उतरला की आजोबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "एक धागा."

चंदीगडमधल्या नेक चंद यांच्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या बाहुल्यांच्या रांगा आहेत. सरकारी रस्ते खात्यात काम करत असताना त्यांनी जंगलाच्या पट्ट्यात गुपचूप ती बाग उभी केली आणि १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिथल्या बांगड्यांच्या रंगात बघण्यासारखं काय असेल तर रांग. एकच आकृती पुन्हा पुन्हा येते आणि अंगावरचा रंग तेवढा बदलतो. आपल्या फलकात टोपण तेच राहणार आणि शेजार बदलणार. हे त्याचंच उलट रूप आहे, असं आज काम करताना जाणवलं.

२७ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. पट्टी भिजायला लागली म्हणून चाचणी आज थांबवली आणि फॉइल काढलं.

यात्रेतली पिपाणी सगळ्यांत आधी गेली. झाकलेला अर्धा भाग अजून राणी आहे, उघडा भाग विटक्या गुलाबी कागदासारखा. दाबल्यावर तो भाग कडकन तुटलाही. पोपटी पातं फिकट पिवळसर झालं. ज्या द्रव्यांनी किरण शोषून जास्तीचा उजेड फेकला, ती त्याच किरणांनी मोडतात. साबणाच्या खोक्यातला लाल आणि पिवळा उडाला आणि निळसर छाप मागे राहिली. जुन्या दुकानांवरचे बॅनर आणि निवडणुकीची पोस्टरं निळी का होतात, त्याचं उत्तर हे आहे. मजेंटा आणि पिवळी शाई आधी उडते, सायन आणि काळी उशिरापर्यंत टिकते.

लाल टोपण थोडं मंदावलं. लाल सूत जवळपास तसंच. राखाडी कातरणात डोळ्यांना काही फरक दिसत नाही. तेंदूचं पान फिकं पडलं, पण देखणं फिकं. वायरचं पिवळं ठीक. बांगडीच्या काचेत काडीचाही बदल नाही, वरचं सोनेरी काम तेवढं गेलं. काचेचा रंग तिच्यात विरघळलेल्या धातूंच्या ऑक्साइडांचा असतो, उन्हाला तिथे हात लावता येत नाही.

निळं टोपण होतं तसं आहे. प्लॅस्टिकच्या निळ्यासाठी थॅलोसायनिन जातीची द्रव्यं सर्रास वापरतात, आणि उन्हाला टिकण्यात ती फार चिवट असतात. यामुळे माझी एक काळजी मिटली. ज्याच्याभोवती सगळं रचलंय तो आधी विटणार नाही.

फ्लोरोसंट तुकडे काढून टाकायचे का, यावर बराच वेळ घालवला. ठेवायचे ठरवलं. त्यांची जागा मात्र बदलली. तिरकं ऊन जिथे पोहोचत नाही त्या डाव्या टोकाला निम्मे, आणि उन्हाच्या उजव्या टोकाला निम्मे. दोन्हींच्या मध्ये तेच टोपण. उजवीकडचा शेजारी वर्षभरात विटेल आणि टोपण न बदलता बदलेल.

२१ जून

शाळा सोमवारी सुरू झाली. मुलांनी उरलेला भाग लावला आणि आज फलक भिंतीवर चढला.

रचना अशी. सगळीकडे राखाडी कातरणाची जमीन. तिच्यावर वेगवेगळ्या वस्तूंचे चौकोन, प्रत्येकाच्या मधोमध तेच निळं टोपण. नेव्ही सुतात ते फिकट आणि उघडं दिसतं. नारिंगी झाकणांच्या गर्दीत पेटल्यासारखं निळं होतं, कारण निळ्याचा विरोधी रंग नारिंगीच. हिरव्या बांगड्यांमध्ये ते जांभळ्याकडे झुकतं, आणि जांभळ्याच्या मूठभर तुकड्यांमध्ये, जेवढे जमले तेवढ्यांत, हिरवट वाटतं. तेंदूच्या पानांत ते आकाशाचं होतं. पांढऱ्यात गडद, काळ्यात उजळ. खोक्यांच्या आतल्या ठिपक्यांची रांग तळाशी पट्टीसारखी लावली आहे, आणि तिथे टोपण सायनच्या ठिपक्याशेजारी आलं की दोन्ही निळे किती वेगळे आहेत ते दिसतं.

चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ अल्बर्स विद्यार्थ्यांना रंग शिकवताना नळीतला रंग बाजूला ठेवून रंगीत कागद वापरायला लावत, आणि ते कागद छापखान्यांच्या नि बाइंडरच्या दुकानांतल्या कातरणांतून, वेष्टनांतून, मासिकांतून जमवायला सांगत. एक रंग दोन रंगांसारखा दिसेल असं करून दाखवा, हा त्यांचा मूळ पाठ होता. १९६३ मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. इतकी वर्षं मी हा पाठ वर्गात पोस्टर कलरने करून घेत आले. टाकाऊ वस्तूंवर तो जास्त खोल उतरतो असं मला ठामपणे वाटतं, कारण इथे मूल रंग हवा तसा वळवू शकत नाही. त्याला थांबून बघावंच लागतं.

दोन टोपणांचे स्क्रू मुद्दाम सैल ठेवले आहेत. ज्याला खरं वाटत नाही त्याने ती काढावीत, जागा बदलून पाहावीत. अक्का आल्या होत्या. त्यांनी तेंदूमधलं टोपण काढून बांगड्यांमध्ये लावलं, पुन्हा परत ठेवलं, आणि लेकीला म्हणाल्या, "आमच्या पानात जास्त शोभतं." कटिंग मास्टरही आले. राखाडीवरून हात फिरवून त्यांनी कापडाचा क्वालिटी नंबर सांगितला.

पुढची कामं. दर महिन्याला कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, पाणी लावायचं नाही, प्लाय फुगेल. जुलैपासून पहिल्या तारखेला उजव्या टोकाचा फोटो ठराविक जागेवरून, सकाळी अकरा वाजता घ्यायचा. ती जबाबदारी आठवीच्या दोघांनी घेतली आहे. एलिमेंटरीला बसणाऱ्यांना रंगसंगतीचा सराव फलकासमोर बसून द्यायचा. उरलेली टोपणं दोन पोती आहेत. आत त्रिकोणात २ असेल ते एचडीपीई, ५ असेल ते पीपी, अशी वेगळी करून शनिवारी भंगारवाल्याकडे द्यायची. मिसळ दिली तर भाव कमी मिळतो.